ओलाव्याचा सेन्सर व ग्राउंडची तार

ठिबकाचें पाणी जमिनीच्या ओलाव्याप्रमाणें आपोआप सुरू व बंद व्हावें, एतदर्थ सेन्सर व अर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर बसविण्याकडे पुष्कळ बागाईतदारांची प्रवृत्ति दिसते. आम्हींही डाळिंबाच्या एका तुकड्यांत तशी योजना केली. परंतु एके सकाळीं पाहतों तों, वाफशाची मर्यादा केव्हांच ओलांडून मुळांशीं पाणी साचलेलें, आणि व्हॉल्व्ह उघडाच!

प्रथम आम्हीं सेन्सरास दोष दिला. घरीं आणून पाण्यांत धरला, तों आंकडा बरोबर. मग शेतांत व्हॉल्व्ह हातानें बंद करून पाहिला. तत्क्षणीं आंकडा सुमारें १४० नें उतरला. माती कांहीं एका क्षणांत अधिक ओली होत नाहीं, तेव्हां दोष तारेंत असला पाहिजे हें उघड झालें.

मायक्रोकंट्रोलर जो दाब मोजतो तो आपल्या ग्राउंडच्या अपेक्षेनें. अर्डुइनो ऊनोंत ५ व्होल्टांस १०२३ हा आंकडा येतो, म्हणजे एका अंकास सुमारें ४.९ मिलिव्होल्ट. आम्हीं काटकसर म्हणून व्हॉल्व्ह व सेन्सर या दोहोंस परतीची तार एकच दिली होती. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या २० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.७ ओहम, तींतून व्हॉल्व्हचा १ अँपिअर प्रवाह जातांच सेन्सराकडील टोंक ०.७ व्होल्टनें वर उचललें जाई. आमच्या कपॅसिटिव्ह सेन्सराचा आंकडा माती सुकी असतां मोठा येतो; त्यामुळें पाणी सुरू होतांच यंत्रास जमीन अधिकच कोरडी भासे!

आतां व्हॉल्व्हची परतीची तार थेट बॅटरीच्या ऋण टोंकास नेली असून सेन्सरास निराळी तार मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडपर्यंत दिली आहे. दोन्ही ग्राउंड बॅटरीपाशीं एकाच ठिकाणीं जोडले आहेत. सेन्सराचा प्रवाह थोड्या मिलिअँपिअरांचा, म्हणून त्याच्या तारेंत दाब नांवालाच पडतो. व्हॉल्व्ह चालू असतां मल्टिमीटरचें एक टोंक सेन्सराच्या व दुसरें मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडास लावावें. कांटा शून्याजवळ राहिला म्हणजे जोडणी ठीक.

सेन्सरास स्वतंत्र बॅटरी असल्यास दोहोंचीं ऋण टोंकें जोडलींच पाहिजेत, एरव्हीं आंकडा भरकटतो. हें काम जमिनींत पुरलेली अर्थिंगची सळई करीत नाहीं. आणि पंपाच्या २३० व्होल्टी न्यूट्रलशीं हा ग्राउंड कदापि जोडूं नये. त्यांत जिवास धोका आहे.