आधी पडायला शिका : आयकिडोच्या वर्गातील पहिला धडा



कराटे आणि ज्युडो ही नावे आपल्या वस्त्यांत आता ओळखीची झाली आहेत. आयकिडो मात्र अजून अनेकांना नवा आहे. मोठ्या शहरांत त्याचे वर्ग चालतात. मुलीला घालावे का, चाळिशीनंतर जमेल का, त्यात काही धार्मिक आहे का, असे प्रश्न पालकांच्या मनात येतात. या अंकात त्याचाच विचार करू.

आयकिडो म्हणजे काय?

जपानच्या मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी दाइतो-र्‍यू जुजुत्सू या जुन्या विद्येतून ही कला घडवली. १९४२ पासून 'आयकिडो' हे नाव रूढ झाले. 'आय' म्हणजे मेळ, 'की' म्हणजे प्राणशक्ती आणि 'डो' म्हणजे मार्ग. अंगावर येणाऱ्याचा जोर अडवायचा नाही, बाजूला सरून तो वळवायचा आणि समोरच्याचा तोल घालवायचा, हे तिचे सूत्र. बहुतेक शाखांत स्पर्धा नसतात. दोघे जोडीने सराव करतात. एक पकडतो किंवा हल्ला करतो, त्याला 'उके' म्हणतात. दुसरा डाव करतो, तो 'तोरी'. काही वेळाने भूमिका बदलतात. म्हणून इथे हरणारा कोणी नसतो. आज मी पडतो, उद्या तुम्ही.

पडण्याची विद्या

चांगला शिक्षक सुरुवातीला डाव शिकवत नाही, पडणे शिकवतो. त्याला 'उकेमी' म्हणतात. मागे पडताना एक पाय दुमडून आधी कंबर खाली आणायची, हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची आणि श्वास सोडत लोळण घ्यायची. मागे हात टेकून स्वतःला सावरायला जाऊ नये. मनगट तिथेच मोडते. पुढे लोळताना हाताची कड, कोपर, खांदा आणि मग पाठीवरून तिरके विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत जायचे. डोके जमिनीला लागता कामा नये. हे सारे आधी बसून, मग उकिडवे आणि शेवटी उभे राहून करायचे, तेही मऊ जाड मॅटवरच. घरच्या फरशीवर किंवा विहाराच्या कोब्यावर मुळीच नको.

पहिले डाव

त्यानंतर 'इक्क्यो' येतो. समोरच्याचे मनगट आणि कोपर यांवर ताबा ठेवून त्याला पालथे जमिनीवर आणायचे. 'कोतेगाएशी'त मनगट बाहेरच्या बाजूला वळवून पाडायचे. 'शिहोनागे'त समोरच्याचा हात त्याच्याच खांद्यामागे दुमडून त्याला मागे पाडतात. हा डाव जोरात केला तर डोक्याची मागची बाजू आपटण्याचा धोका असतो. म्हणून नवशिक्यावर तो सावकाशच करावा. दुखू लागले की उके मॅटवर किंवा स्वतःच्या अंगावर हाताने थापटतो. थाप ऐकताच सोडायचे. 'अजून थोडे' म्हणायचे नाही. जो वर्ग ही थाप पाळत नाही, तो वर्ग सोडावा.

शरीराला काय मिळते?

तोल, कमरेची लवचीकता, मांड्यांची ताकद आणि मनाची एकाग्रता सुधारायला मदत होते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात हा सराव धरता येईल.

ज्यांना मानेचा स्पॉन्डिलायटिस, मणक्याचा त्रास, गुडघेदुखी, चक्कर, ठिसूळ हाडे किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब आहे, तसेच ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणी पडण्याचा सराव नको. लहान मुलांची हाडे वाढीची असतात. त्यांचे सांधे पिरगळू नयेत, त्यांना लोळणे आणि तोल एवढेच पुरे. डोक्याला मार लागला तर सराव तत्काळ थांबवा. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा गोंधळ दिसला तर थेट दवाखान्यात न्या. झोपू देऊन वाट पाहू नका.

आजी-आजोबांनी लोळण्या घेऊ नयेत, पण या कलेचा मूळ धडा त्यांच्याही कामाचा आहे. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचा व्यायाम करावा, असा सल्ला आहे. भिंतीला हात लावून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे, यापासून सुरुवात करा. घरातले कोणीतरी जवळ असू द्या.

'की' आणि नमस्कार

काही ठिकाणी 'की'च्या नावाखाली स्पर्श न करता माणूस पाडण्याचे दावे केले जातात. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की केवळ गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. ती कसोटी इथेही लावा. डावात काम करतात ते तोल, कोन, वेळ आणि श्वास. उएशिबा हे ओमोतो या शिंतो परंपरेतून निघालेल्या पंथाचे अनुयायी होते. त्यामुळे आयकिडोला बौद्ध कला समजू नये. वर्गात त्यांच्या छायाचित्रासमोर वाकण्याची रीत असते. ती आदराची आहे, पूजेची नाही, हे मुलांना समजावून द्या. कुठे पूजा किंवा नवस सुरू झाला, तर प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

वर्ग निवडताना

एक दिवस बसून पाहा. मॅट पुरेशी आहे का? मुलींच्या वर्गात पालकांना बसू देतात का? शिक्षक नवशिक्याला सांभाळतात का, की त्याच्यावर हात चालवून दाखवतात? आणि मुलीला सहा महिन्यांत स्वसंरक्षण येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आयकिडोला वर्षे लागतात. खऱ्या प्रसंगात ओरडणे, निसटणे आणि माणसांत धावत जाणे हाच पहिला डाव. ११२ हा क्रमांक तिला तोंडपाठ असू द्या.

आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या खाली पाडले गेले. बाबासाहेबांनी उठायला शिकवले. मुलामुलींचे शरीरही न घाबरता पडावे आणि लगेच उठावे, एवढ्यासाठी हा सराव. सर्वांचे मंगल होवो.