नव्या यंत्राची बातमी

प्रस्तावना

वर्तमानपत्र उघडले की नव्या मोबाइलची, नव्या घड्याळाची, नव्या संगणकाची बातमी समोर येते. ती खरोखर बातमी आहे की बातमीच्या वेशातील जाहिरात, हे चटकन कळत नाही. तुमच्यापैकी अनेकजण दिवसभर काम करून अभ्यास करतात. कित्येक घरांत एक मोबाइल म्हणजे एका महिन्याची मिळकत असते. ती मोजून देण्यापूर्वी अशी बातमी नीट वाचता आली पाहिजे. वाचणे हे भाषेचेच काम असल्यामुळे हा विषय मराठीच्या पुस्तकात आला आहे. पुढील लेखात जबलपूरच्या चेरीताल भागातील एका संगणकप्रेमी लेखकाने आपली मते मांडली आहेत. ती सगळी तुम्हांला पटलीच पाहिजेत असे नाही.

मूळ पाठ

जबलपूर हे यंत्रे ओळखणाऱ्या माणसांचे शहर आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र १९४२ पासून येथे आहे. देशभरातील अभियंते टेलिफोनची विद्या शिकायला या शहरात येत आले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात हे शहर होते म्हणून, पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली आणि कारखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत रुजली. कारखान्यातला कारागीर माप घेतल्याशिवाय सुटा भाग हातात धरत नाही. तोच माणूस संध्याकाळी मोबाइल घ्यायला गेला की खोक्यावरचा आकडा मात्र मुकाट्याने मान्य करतो. मला याचे नेहमी आश्चर्य वाटते.

आमच्या चेरीतालमध्ये शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. मुक्त विद्यालयातून दहावीची तयारी करतात. एकदा वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, यात एकशे आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. घेऊ ना?’’

मी विचारले, ‘‘ताई, फोटो कशाचे काढणार?’’

‘‘ब्लाउजच्या नमुन्यांचे. आणि पुस्तकातली पाने.’’

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख प्रकाशबिंदू. मोबाइलसाठी १०८ मेगापिक्सेलचा प्रकाशसंवेदक सॅमसंगने शाओमी या कंपनीबरोबर तयार करून २०१९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केला, आणि पुढे या आकड्याची मोठी चढाओढ लागली. परंतु मोबाइलच्या नखाएवढ्या संवेदकावर इतके बिंदू बसवायचे तर प्रत्येक बिंदू अतिशय लहान करावा लागतो आणि लहान बिंदूवर प्रकाश कमी पडतो. म्हणून २०२० पासूनच्या अशा अनेक फोनमध्ये शेजारशेजारचे नऊ बिंदू मिळून एक बिंदू मानण्याची सोय असते. एकशे आठला नऊने भागा, बारा उरतात. नेहमीचा फोटो या बारा मेगापिक्सेलचाच निघतो. ही युक्ती वाईट नाही, अंधारात ती उपयोगीच पडते. मात्र खोक्यावर छापतात एकशे आठ, बारा नव्हे. पुस्तकातली पाने टिपायला बारा पुरून उरतात. ताईंना मी दुकानात जाऊन एकच गोष्ट करायला सांगितली: दिव्याच्या साध्या उजेडात छापील पानाचा फोटो काढायचा आणि तो वाचता येतो का ते पाहायचे.

आकडे असे खोटे नसतात, पण ते कशाचे आहेत हे सांगितलेले नसते. पॉवर बँकेचे उदाहरण घ्या. तिच्यावर १०,००० मिलीअँपिअर-तास असे लिहिलेले असते. तुमच्या मोबाइलची बॅटरी ५,००० ची. तेव्हा मोबाइल दोनदा भरेल असा सरळ हिशेब आपण करतो. परंतु आतल्या बॅटरीचा विद्युतदाब साधारण ३.७ व्होल्ट असतो आणि बाहेर तो ५ व्होल्ट करून द्यावा लागतो. १० ला ३.७ ने गुणले की ३७ वॅट-तास एवढी एकूण ऊर्जा येते. ती ५ व्होल्टने द्यायची तर ३७ भागिले ५, म्हणजे ७,४०० मिलीअँपिअर-तासच मिळतील. त्यातही काही ऊर्जा उष्णतेत जाते. प्रत्यक्षात मोबाइल जेमतेम दीड वेळा भरतो. हे सत्य बहुधा पॉवर बँकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते. पुढची बाजू विकण्यासाठी आणि मागची बाजू वाचण्यासाठी, असे समजायला हरकत नाही!

साठवणुकीच्या आकड्याचेही असेच. ६४ जीबीची पेनड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला लावली की तेथे ६० पेक्षाही थोडे कमी दिसते. ग्राहकाला वाटते, दुकानदाराने फसवले. वास्तविक उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, तर विंडोज दोनाच्या पटीने मोजत सुमारे १०७ कोटी धरते. माल तेवढाच, मापे दोन.

आता भाषेकडे येऊ. अशा बातम्यांत एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘पर्यंत’. ‘बॅटरी दोन दिवसांपर्यंत चालते’, ‘किमतीत चाळीस टक्क्यांपर्यंत सूट’. ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय वरची मर्यादा सांगते, खालची सांगत नाही. दोन दिवसांपर्यंत चालणारी बॅटरी पाच तासांत संपली तरी वाक्य व्याकरणाने खरेच राहते. दुसरी लकब म्हणजे कर्त्याशिवायची वाक्ये: ‘असे सांगण्यात येते’, ‘असे समजते’, ‘सर्वोत्तम मानला जातो’. कोण सांगते? कोण मानते? वाक्यात कर्ता नसला की आपण तो शोधावा, आणि पुष्कळदा तो कंपनीच निघतो. बातमीदाराने ते यंत्र चार दिवस वापरून पाहिले, की कंपनीने पाठवलेले पत्रक छापले, हे क्रियापदांवरून ओळखता येते. ‘वापरताना गरम झाला’ हे वापरणाऱ्याचे वाक्य आहे. ‘अनुभव देण्यास सज्ज’ हे पत्रकाचे.

स्वस्ताईच्या दोन बातम्या या दृष्टीने आठवण्यासारख्या आहेत. पहिली ‘आकाश’ या टॅबलेटची. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने नवी दिल्लीत तो विद्यार्थ्यांसाठी सादर केला. डेटाविंड या कंपनीने बनवलेल्या या यंत्राची सरकारी खरेदीची किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होती. ‘जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट’ असे मथळे झळकले. हाती घेतल्यावर मात्र त्याचा पडदा जोर लावून दाबावा लागे, गती मंद होती आणि बॅटरी लवकर संपे. टीका झाली. पुढे हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले आणि तेथील प्राध्यापक दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली सुधारित ‘आकाश २’ पुढे आला. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ११ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याचे अनावरण झाले. त्याचा पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा होता आणि गतीही वाढली होती. तरी देशातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असे यंत्र देण्याचे स्वप्न पुरे झाले नाही. माझ्या मते मथळ्यांनी किंमत पाहिली, पण त्या यंत्रावर कोणत्या भाषेत कोणता पाठ उघडणार, हा खरा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. असे असले तरी आकाश हा प्रामाणिक प्रयत्न होता. यंत्र होते, त्यातील उणिवा दिसत होत्या आणि त्या सुधारणारी माणसे होती.

दुसरी बातमी ‘फ्रीडम २५१’ची. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या रिंगिंग बेल्स या कंपनीने केवळ २५१ रुपयांत स्मार्टफोन देऊ केला. नोंदणीसाठी इतकी झुंबड उडाली की कंपनीचे संकेतस्थळ कोलमडले. पत्रकारांना दाखवलेल्या नमुन्यांवर ॲडकॉम या दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाखाली झाकलेले आढळले. वर्षभराने कंपनीच्या संचालकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. एवढ्या रकमेत पडदा तरी येतो का, असा प्रश्न मोबाइल दुरुस्तीच्या कोणत्याही टपरीवर विचारला असता तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते. मोबाइल दुरुस्त करणारा माणूस सुट्या भागांचे भाव रोज देतो-घेतो. समीक्षकांच्या लेखापेक्षा त्याचा सल्ला मला अधिक मोलाचा वाटतो. कोणता फोन त्याच्याकडे वारंवार येतो आणि कोणत्याचे भाग मिळतच नाहीत, हे त्याला पाठ असते.

यंत्र घेताना आपण मराठी माणसांनी, विशेषतः महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी, आणखी एक परीक्षा घ्यावी. येथील दुकानात फोनची भाषा विचारली की हिंदी लावून मिळते. लिपी तीच, मग फरक काय, असे दुकानदाराला वाटते. फरक आहे. ‘ळ’ मराठीत पदोपदी लागतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील अर्धा र मराठीत लागतोच. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतावलीत २००८ मध्ये दाखल झाले. जुन्या यंत्रांवर त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे. म्हणून दुकानातच भाषा मराठी निवडावी आणि ‘बाळ्याने ॲल्युमिनियमच्या सुऱ्या आणल्या’ असे एखादे वाक्य लिहून पाहावे. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, असा आदेश केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढला होता. तेव्हा ही मागणी करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

‘जुने झाले, आता बदला’ ही बातमीही अधूनमधून येते. विंडोज १० या संगणकप्रणालीला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांना आणखी वर्षभराची सवलत मिळाली. नव्या विंडोज ११ ला सुरक्षेसाठी एक विशिष्ट सोय लागते आणि ती अनेक जुन्या संगणकांत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्रे एका दिवसात ‘कालबाह्य’ ठरली. हा निर्णय मला ग्राहकाच्या हिताचा वाटत नाही. इंटरनेटशी जोडलेला संगणक दुरुस्त्यांविना वापरणे धोक्याचे आहे, हे खरे. पण अशा संगणकावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवता येते. आपल्या सी-डॅक या संस्थेनेही ‘बॉस’ नावाची अशी प्रणाली तयार केली आहे. याच सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवला. तो सेकंदाला सुमारे शंभर कोटी गणिते करी, आणि त्यावर शास्त्रज्ञांनी गंभीर संशोधन केले. आज ‘हळू’ म्हणून हिणवला जाणारा मोबाइलही गणितात त्याला मागे टाकतो. पत्र लिहायला, पाठ ऐकायला आणि बँकेचा व्यवहार करायला यंत्र किती वेगवान हवे, हे ठरवताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतील.

वापरलेला फोन घेण्यात कमीपणा नाही. मात्र तारांकन, हॅश, शून्य, सहा, हॅश ही कळ दाबून पंधरा अंकी ओळखक्रमांक पाहावा आणि सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो पडताळावा. चोरीचा फोन स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो. पावती घ्यावीच. दुकानदाराने किंवा कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीत बोलायला मिळेल का, हे आधी विचारावे.

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी शेवटी एकशे आठवाला फोन घेतला नाही. त्याच्या निम्म्या किमतीचा घेतला. उरलेल्या पैशांतून शिलाई यंत्राला मोटर बसवून घेतली.

शब्दार्थ

प्रकाशसंवेदक – प्रकाश टिपून त्याचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा भाग
विद्युतदाब – वीज पुढे ढकलणारा जोर; हा व्होल्टमध्ये मोजतात
कालबाह्य – वापराचा काळ उलटून गेलेले
अनावरण – प्रथमच सर्वांसमोर खुले करणे

पाठगत प्रश्न

१. पॉवर बँकेवर २०,००० मिलीअँपिअर-तास असे लिहिले आहे. पाठातील रीतीने ५ व्होल्टला जास्तीत जास्त किती मिळतील, ते काढा.
२. ‘आकाश’ आणि ‘फ्रीडम २५१’ या दोन बातम्यांत लेखकाने कोणता फरक केला आहे?
३. आजच्या वर्तमानपत्रातील एखाद्या यंत्राची बातमी घ्या. तिच्यातील कर्ता नसलेली वाक्ये अधोरेखित करा व प्रत्येकाचा कर्ता कोण असावा, ते लिहा.
४. विंडोज १० विषयीचे लेखकाचे मत तुम्हांला पटते का? कंपनीची बाजू मांडणारा एक परिच्छेद लिहा.