लिनक्सवर लॅपटॉपचा आवाज बंद

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स बसवल्यापासून आवाज येत नाही. स्पीकर बदलावा का? – एक वाचक, दिघाशी (ता. भिवंडी)

उत्तर : विंडोजमध्ये आवाज येत होता, त्यामुळे स्पीकर बिघडल्याची शक्यता कमी असून, आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘आल्सामिक्सर’, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम, उघडावा, त्यात एफ-६ कळीने साउंड कार्ड निवडता येते आणि ज्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसते ती बंद असल्याने एम कळ दाबून सुरू करावी लागते. अनेकदा आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे बाहेरच्या पडद्याकडे, वळलेला असतो. तेव्हा सेटिंगमध्ये आउटपुट बदलणे पुरते. कार्डच दिसत नसेल, तर अनेक नव्या इंटेल लॅपटॉपांना लागणारे ‘सॉफ’ फर्मवेअर, म्हणजे ध्वनिचिप चालवणारी आज्ञावली, बसवून पाहावे. स्पीकरवरचा खर्च त्यानंतरच करावा.