बॉनेटवरचे सतरा टवके



दिवाळीच्या सुट्टीनंतर साताऱ्याहून बेंगळुरूला परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. रविवार होता. क्वार्टरसमोर गाडी धुवायला काढली होती. गाडी लाल रंगाची, घेऊन अजून वर्ष झालेले नाही. साबणाचा फेस धुऊन काढला आणि बॉनेटच्या पुढच्या भागात पांढुरके ठिपके दिसू लागले. चिखल असेल म्हणून नखाने खरवडले, पण निघेनात. तेवढ्यात मैदानाकडे निघालेला अकरावीचा एक छात्र थांबला आणि निरागसपणे म्हणाला, "सर, गाडीला गोवर आलाय का?"

मी चिडलोच. म्हणालो, "हल्लीचे रंगच असे! पूर्वीच्या गाड्यांना जाड रंग असायचा, वर्षानुवर्षे टिकायचा. आता कंपन्या पाण्यात कालवलेला पातळ रंग फासतात."

"सर, पुरावा?" त्याने विचारले.

वर्गात हा प्रश्न रोज मी विचारतो. तो माझ्यावरच उलटला. त्याच दुपारी आम्ही दोघांनी खडूने बॉनेटवर चौकोन आखले आणि ठिपके मोजले. सतरा भरले. पुढचे पंधरा दिवस या सतरा टवक्यांनी मला जे शिकवले, ते या पाठात मांडतो.

रंग म्हणजे एक थर नव्हे

पोलादी पत्र्यावर कारखान्यात काय काय चढते, ते आधी पाहू. अनेक गाड्यांच्या पत्र्यावर मुळातच जस्ताचा मुलामा असतो. पत्रा स्वच्छ धुतल्यावर त्यावर फॉस्फेटचे बारीक स्फटिक तयार करतात. त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढचा थर घट्ट धरून ठेवतो.

मग गाडीचा संपूर्ण सांगाडा रंग मिसळलेल्या पाण्याच्या हौदात बुडवतात. सांगाडा ऋणाग्र असतो आणि काहीशे व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडतात. रंगाचे धनभारित कण पत्र्याकडे ओढले जातात आणि ब्रश पोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यातही बसतात. जिथे थर बसला तिथे वीज वाहणे कमी होते, म्हणून उरलेले कण उघड्या जागी जातात आणि थर आपोआप सर्वत्र सारखा होतो. विद्युत विलेपन तुम्ही दहावीत शिकलात, हे त्याचेच भावंड. त्यानंतर भट्टीत १६० ते १८० अंश सेल्सिअसला हा थर पक्का भाजतात. गंजापासून खरा बचाव हाच थर करतो.

त्यावर येतो करड्या किंवा पांढुरक्या रंगाचा प्रायमर. खडीचा मार झेलण्यासाठी तो थोडा लवचीक ठेवलेला असतो. काही कारखाने हा थर वेगळा न देता त्याचे काम पुढच्या थरावर सोपवतात. पुढचा थर म्हणजे आपल्याला दिसणारा लाल, निळा, चंदेरी रंग. सर्वांत वर पारदर्शक लॅकर, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट म्हणतात. चकाकी त्याचीच, आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवण्याचे कामही त्याचेच.

आता जाडी पाहा. विद्युत थर साधारण २० मायक्रॉन, प्रायमर ३० ते ३५, रंग १५ ते २०, लॅकर ३५ ते ४५. सगळे मिळून १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर. हे डोळ्यांसमोर आणायचे असेल तर कार्यालयातला ५०० कागदांचा रीम पट्टीने मोजा. जाडी पाच सेंटिमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर. ऊन, पाऊस, खडी आणि पोलाद यांच्यामध्ये एवढा एक कागद उभा आहे!

माझा पहिला आरोप इथेच तपासला. ओळखीच्या कारागिराकडे रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र होते. बॉनेटवर नऊ ठिकाणी मोजले. सर्वांत कमी १०४ मायक्रॉन, सर्वांत जास्त १२१. रंग जितका असायला हवा तितकाच होता.

जाड रंग अधिक टिकतो हेही खरे नव्हे. रस्त्याकडेच्या दुरुस्तीत पत्र्यावर भरपूर लांबी भरून वर रंगाचे जाड हात मारतात. असा थर ताठर असतो. खडा लागला की ठिपका पडत नाही, अख्खी खपली निघते. माझ्या मामांच्या जुन्या गाडीचा रंग लख्ख होता हे मला आठवत होते. पण त्याच गाडीच्या पायाखालचा पत्रा सडून खालचा रस्ता दिसायचा, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

राहिला पाण्याचा मुद्दा. हवेत मिसळणारी घातक द्रावके कमी व्हावीत म्हणून अनेक कारखान्यांनी रंगाच्या थरासाठी पाणी वापरायला सुरुवात केली. पण पाणी हे फक्त वाहून आणणारे वाहन. भट्टीत ते उडून जाते आणि राळेचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. उकडलेले अंडे पाण्यात टाकले म्हणून पुन्हा कच्चे होत नाही, तसेच हे.

शिवाय हे थर खडीच्या माऱ्याला किती टिकतात याची कारखान्यात परीक्षा होते. ग्रॅव्हलोमीटर नावाच्या यंत्रात ठराविक मापाची खडी हवेच्या दाबाने रंगवलेल्या पट्टीवर मारतात आणि उडालेले टवके मोजतात. एसएई जे-४०० ही त्यासाठीची एक प्रमाणित पद्धत आहे. आमचे खडूचे चौकोन म्हणजे तिचीच गरीब आवृत्ती.

दगड येतो कोठून?

मग दोष कोणाचा? रस्त्याचा, असे मी म्हणालो. राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे आपल्या घरच्या मंडळींचा पुणे-बंगलोर रोड. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर असा सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास. वाटेत रुंदीकरणाची कामे, कडेला पसरलेली कच, पुढे खडीचे डंपर. "समोरच्या ट्रकच्या चाकातून दगड सुटतो आणि गोळीसारखा आपल्यावर येतो," असे मी फळ्यावर काढून दाखवले.

आकृती काढता काढता माझाच हात थांबला. चाक घसरत नसेल, तर त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या दृष्टीने स्थिर असतो. टायरच्या खाचेतला खडा बहुधा जमीन सोडताच, मागच्या बाजूने सुटतो. तेव्हा त्याचा वेग मुख्यतः वरच्या दिशेने असतो. म्हणजे तो मागे झेपावत नाही, जवळजवळ जागच्या जागी वर उडतो आणि खाली पडतो. ट्रक पुढे निघून जातो आणि मागून येणारी आपली गाडी ताशी ९० किलोमीटरने त्या लटकत्या खड्यावर जाऊन आदळते. दगड आपल्यावर येत नाही, आपण दगडावर जातो!

आता हिशेब करा. खडा १.२५ मीटर वर उडाला असे धरू. गुरुत्वत्वरण १० घेतले, तर वर जायला अर्धा सेकंद आणि खाली यायला अर्धा सेकंद. एकूण एक सेकंद. अगदी ३ मीटर उडाला तरी सुमारे दीड सेकंद. याचा अर्थ असा की तुम्ही ट्रकच्या मागे तीन सेकंदांच्या अंतराने असाल, तर तुम्ही तिथे पोचेपर्यंत खडा रस्त्यावर पडलेला असेल. तुम्ही एका सेकंदाच्या अंतराने असाल, तर तो तुमच्या बॉनेटसमोर किंवा काचेसमोर असू शकतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तीन सेकंद म्हणजे ७५ मीटर.

वेगाचाही वाटा आहेच. एक ग्रॅमचा खडा म्हणजे साधारण नऊ मिलिमीटरचा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० ला टक्कर सुमारे ०.१ ज्यूलची, ८० ला ०.२५ ची आणि १०० ला ०.३९ ची. ०.३९ ज्यूल म्हणजे एक किलोचे वजन चार सेंटिमीटरवरून पडणे. ऐकायला किरकोळ वाटते. पण ते सगळे बळ खड्याच्या एका टोकदार कोपऱ्यातून, कागदाएवढ्या थरावर उतरते.

प्रत्येक टवका चालकाच्या चुकीने पडतो असे नाही. डंपरच्या हौद्यातून खडी सांडते, समोरून किंवा बाजूने जाणारे वाहनही खडे उडवते. पण एकाच बॉनेटवर सतरा?

इथे मला एक कबुली द्यायची आहे. चित्रदुर्गच्या अलीकडे आम्ही बराच वेळ एका ट्रकमागे होतो. आमच्या सौ. म्हणाल्या होत्या, "अहो, जरा अंतर ठेवा ना." मी म्हणालो होतो, "अंतर ठेवलं की मध्ये कोणीतरी घुसतो. वीस वर्षं गाडी चालवतोय मी." मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. ट्रकने अचानक ब्रेक लावला असता, तर माझा पाय ब्रेकवर पोचायलाच एक सेकंद गेला असता. त्या एका सेकंदात गाडी २५ मीटर पुढे गेली असती. माझ्यापुढे तेवढी जागा होती का, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सतरा टवके मात्र सांगतात, नव्हती. दगडाने रंगावर जे लिहिले, ते ट्रकच्या मागच्या फळीने पत्र्यावर लिहिले नाही, हे आमचे नशीब.

टवका वाचायला शिका

टवका पडल्यावर आधी त्याचा रंग पाहा, म्हणजे खोली कळते. वरवर धुरकट खूण असेल, तर फक्त लॅकर दुखावले आहे. करडा किंवा पांढुरका ठिपका दिसला, तर प्रायमर उघडा पडला आहे. घाई नाही, पण विसरूही नका. धातू चमकत असेल, तर त्याच आठवड्यात बुजवा. तपकिरी दिसले, तर उशीर झालेला आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला गंजाची भीती नाही.

आमच्या सतरापैकी चार वरवरचे होते, अकरा प्रायमरपर्यंत, दोन धातूपर्यंत. त्या दोनपैकी एकाच्या कडेला तपकिरी रेघ होती. छात्राने लगेच शंका काढली, "सर, दोन दिवसांत एवढा गंज?" बरोबर. तो टवका या प्रवासातला नव्हताच. उन्हाळी सुट्टीतला असणार. म्हणजे अंतर न ठेवण्याची सवय जुनी, आणि अख्खा पावसाळा मी गाडीकडे नीट पाहिलेच नव्हते.

जस्त असेल तोवर ते आधी स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. ते संपले की ओलावा लोखंडापर्यंत पोचतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो कडेचा चांगला रंगही आतून उचलतो आणि फोड येतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे आणखी वेगाने होते.

उपाय घरी जमण्यासारखा आहे. जागा धुवून पूर्ण कोरडी करा. गंज असेल तर तेवढाच टिपून घासा, आजूबाजूला पॉलिश पेपर फिरवू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा. गाडीवरच्या चिकटपट्टीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो, त्याप्रमाणे टच-अपची बाटली आणा. धातू उघडा असेल तर आधी प्रायमर, मग रंग, मग लॅकर. एकच मोठा थेंब सोडू नका, पातळ हात द्या आणि प्रत्येक हात वाळू द्या. पालकांना एक विनंती : सुक्या फडक्याने धूळ पुसू नका, धुळीतली वाळू लॅकरवर ओरखडे काढते.

ज्यांना अधिक संरक्षण हवे, ते बॉनेटवर पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म लावतात. तिचा उगम सैनिकी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांची पाती वाळू-खड्यांनी झिजू नयेत म्हणून अशी चिवट फीत वापरात आली. ती कठीण नसून लवचीक आहे, म्हणूनच मार पचवते. पण फिल्म रंग वाचवेल, ब्रेकसाठी लागणारी जागा देणार नाही.

सैन्यात मोहिमेवरून परतलेले वाहन आधी धुतात, तपासतात, मगच उभे करतात. त्याचे कारण आता तुम्हाला कळले असेल. वाहनावरची प्रत्येक खूण काहीतरी सांगत असते. ती वाचणारा माणूस मात्र हवा.

टवके बुजवून झाल्यावर मी आकृती आणि हिशेब घेऊन सौ.ना समजावायला बसलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्हाला पंधरा दिवस लागले. मी एका वाक्यात सांगितलं होतं."

स्वाध्याय

१. खडा २ मीटर उंच उडाला, तर तो किती वेळ हवेत राहील? ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाताना तो टाळण्यासाठी किमान किती मीटर अंतर हवे?

२. ताशी १०० वरून ८० वर आल्यास टकरीची ऊर्जा किती टक्क्यांनी कमी होते?

३. पुढच्या सुट्टीत घरी जाताना पुढचे वाहन एखादा खांब ओलांडेल तेव्हा "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" असे मोजा. तीन पूर्ण होण्याआधी तुमची गाडी खांबापाशी पोचली, तर गाडी चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे सांगा. ते चिडले, तर त्यांना हा पाठ वाचायला द्या.