दोरीला शेवटी हात लाव

आबांचं होडीचं मशीन पडवीच्या माळ्यावरून खाली काढलंस, हे काल फोनवर सांगितलंस तेव्हा बरं वाटलं. चार पावसाळे ते पोत्यात गुंडाळून पडलं होतं. नारळी पौर्णिमा झाली की कर्लीच्या खाडीत न्यायचं म्हणतोस, जरूर ने. पण आजच अंगणात लाकडाच्या घोडीवर टांगून दोरी ओढून बघणार असशील तर थांब. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, ते एवढंच सांगायचे, "दोरयेक शेवटाक हात लाव." पडून राहिल्याने मशीन मरत नाही. बाहेर काढल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जी घाई होते, तिने मरतं.

आधी वरचं झाकण उघड आणि नुसतं बघ. उंदरांनी वायर कुरतडलीय का, रबरी पाइपांना चिरा गेल्यात का, दोरी कुजलीय का. दोन्ही प्लग काढ. पान्याने सुटत नसले तर गंज सोडवणारं तेल मार आणि रात्रभर सोड, जोर लावलास तर प्लग मोडून आत राहील. निघाल्यावर प्रत्येक भोकात चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोड आणि दोन दिवस मशीन उभंच ठेव. तिसऱ्या दिवशी वरचं चाक हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हळूच फिरव. मऊ फिरलं तर आबांची पुण्याई. अडलं तर पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. पिस्टनच्या रिंगा खारट हवेने चिकटलेल्या असतात, त्या तेलाने सुटतात, ताकदीने तुटतात.

आता इम्पेलर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, त्याला कारण आहे.

इम्पेलर म्हणजे खालच्या भागात बसलेली रबराची लहानशी चक्री. खाडीचं पाणी वर ओढून मशीन थंड ठेवायचं काम तिचं. वर्षानुवर्षं एकाच जागी दबून राहिल्याने तिच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात, रबर कडक होतं. ती बाहेर काढ आणि पाकळी बोटाने मागे दुमड. दुमडलेल्या ठिकाणी बारीक भेगा दिसतील. दिसल्या नाहीत तरी नवीनच घाल. खालचा भाग उतरवताना गिअरची दांडी आधी सोडव, आणि शाफ्टमधली छोटी चावी वाळूत पडू देऊ नकोस. नवी चक्री साबणाचं पाणी लावून, शाफ्ट काट्यांच्या दिशेने फिरवत फिरवत बसव.

मी पंचविशीत असताना एका रापणकराचं मशीन दुरुस्त केलं. त्याला खात्री पटावी म्हणून जमिनीवरच, पाण्याशिवाय, चालू करून दाखवलं. तेवढ्यात पाकळ्या कोरड्या घासून गेल्या. मला शंका आली होती, तरी मी उघडून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी देवबागच्या मुखाबाहेर मशीन तापून जाम झालं. ओहोटीचं पाणी बाहेर ओढत होतं आणि तो माणूस तीन तास वल्हवत आत आला. मला एक शब्द बोलला नाही. त्याचे सोललेले तळवे मला अजून दिसतात. त्या दिवसापासून एकही मशीन मी पाण्याशिवाय चालू केलेलं नाही, आणि तूही करायचं नाहीस, अगदी दोन सेकंदही नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल उरलं असेल तर ते वापरायचा मोह धरू नकोस. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकटा राहतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि मशीनची नळी नेमकी तळातूनच ओढते. जुने रबरी पाइपही त्याने फुगतात, म्हणून पाइप आणि मशीनच्या पंपाचा पडदा बदलून टाक. कार्बोरेटर उघडलास की वाटीत पिवळा चिकटा दिसेल. तो धुऊन काढ, पण जेटच्या भोकात सुई किंवा स्टीलची तार कधी घालू नकोस. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ते मशीन कधी नीट चालत नाही. मी तंगूसचा, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याचा, तुकडा वापरतो आणि मग हवा मारतो.

तंगूसचंच दुसरं ठिकाण पंख्याच्या मागे. पंखा काढ आणि शाफ्टवर तंगूस गुंडाळलेलं आहे का बघ. बहुतेक असतंच. ते सील कापतं आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू सोडवून गिअर ऑइल काढून बघ. दुधाळ चहासारखं आलं तर पाणी गेलंय, सील बदल. नवीन ऑइल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरच्या भोकातून येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लाव, मग खालचा, आणि दोन्हींना नवे वायसर.

प्लगला ठिणगी येते का बघताना प्लग मशीनच्या धातूला नीट टेकव आणि पेट्रोलचा डबा लांब ठेव. निळी ठिणगी चांगली. अजिबात आली नाही तर कॉइल बदलायला धावण्याआधी बंद करायच्या बटणाची लाल दोरी जागेवर आहे का बघ. तिची पट्टी निघालेली असेल तर ठिणगी येतच नाही.

आता कुठे मिश्रण. तुझ्या मशीनला ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली. त्याहून जुन्या काही मशीनांना २५ ला १ लागतं, म्हणून कोणाचं मशीन हातात घेतलंस तर आधी त्याचं पुस्तक बघ. ऑइल टीसीडब्ल्यू-३ लिहिलेलंच घे. स्कूटरचं ऑइल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, पाण्यावर थंड होणाऱ्यात त्याची राख साचते.

पंखा काढून ठेव आणि मोठ्या पिंपात मशीन उभं कर. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर आलं पाहिजे. पिंप उघड्यावरच ठेव, पडवीत नको, तो धूर विषारी असतो. आणि आता दोरी. पहिला धूर दाट निळा येईल, आत ओतलेलं तेल जळतंय, घाबरू नकोस. तुझी नजर पाण्याच्या धारेवर हवी. मिनिटभरात मागून बारीक धार पडली नाही तर लगेच बंद कर. पुष्कळदा त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं. तंगूस घालून मोकळं कर आणि पुन्हा बघ. धार आली की दहा मिनिटं मंद चालू दे. धारेखाली हात धर, पाणी कोमट लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये.

हे सगळं नीट झालं तरी पहिले आठ दिवस खाडीतच फिर, मुखाबाहेर जाऊ नकोस. आणि होडीत वल्ह्यांची जोडी आणि नांगर ठेव.