संगणकाची स्मृति किती असावी?

अमरावती-अकोल्याकडील शेतकरी घरांत कापसाचे पैसे हातीं आले म्हणजे वर्षभर लांबणीवर पडलेल्या खरेदीची यादी निघते. त्या यादींत हल्लीं संगणकाचेंही नांव असतें. मुलांस त्यावर अभ्यास करावयाचा असतो. आणि, खरें बोलावयाचें तर, खेळही खेळावयाचे असतात. दुकानांत गेल्यावर पहिला वाद होतो तो 'रॅम किती?' ह्या प्रश्नावरून. मुलगा बत्तिसाचा हट्ट धरतो, वडील आठांत भागवूं पाहतात. ह्या प्रश्नाचें उत्तर हट्टानें किंवा नुसत्या काटकसरीनें न देतां हिशेबानें कसें द्यावें, तें ह्या लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रॅम म्हणजे काय, हें समजून घेऊं. ज्वारीचें खळें डोळ्यांपुढें आणा. कणसें खळ्यांत येतात, तेथें मळणी होते आणि धान्य कोठींत जातें. कोठी म्हणजे संगणकाची डिस्क किंवा एसएसडी. तेथें ठेवलेला माल टिकून राहतो. मळणी करणारे बैल म्हणजे प्रोसेसर. आणि खळें म्हणजे रॅम, अर्थात् संगणकाची कामचलाऊ स्मृति; चालू काम तेवढें तिच्यावर पसरलेलें असतें. मळणी संपली कीं खळें झाडून मोकळें होतें. त्याचप्रमाणें वीज जातांच रॅममधील सर्व कांहीं पुसलें जातें. न सांठविलेला निबंध आणि न सांठविलेला डाव एकदमच नाहींसे होतात, त्याचें कारण हेंच.

आतां खळें लहान असेल तर काय होईल? गाड्या बांधावर खोळंबतील आणि बैल रिकामे उभे राहतील. रॅम अपुरी पडली म्हणजे संगणक कांहीं माहिती डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तशी परत आणतो. डिस्क रॅमपेक्षां फार मंद असते. म्हणून खेळ मध्येंच अडखळतो. उलट, पांच गाड्या कणसांसाठीं पन्नास गाड्यांचें खळें केलें, म्हणून बैल अधिक वेगानें चालत नाहींत. ह्या धड्याचें मर्म एवढेंच आहे: अपुरी रॅम काम अडविते, गरजेपलीकडील रॅम काम वाढवीत नाहीं.

गरज किती, हें मात्र काळाप्रमाणें बदलत आलें आहे. १९७७ सालीं निघालेल्या अटारीच्या खेळयंत्रांत अवघी १२८ बाइट रॅम होती. तेवढ्या जागेंत ह्या लेखांतील एक मध्यम वाक्यही मावणार नाहीं. १९९३ च्या 'डूम' ह्या खेळास ४ एमबी लागत. २०२३ च्या 'काउंटर-स्ट्राइक २' ला ८ जीबी सांगितली आहे. २०२१ च्या 'फोर्झा होरायझन ५' ह्या मोटारशर्यतीच्या खेळास किमान ८ व शिफारस म्हणून १६ जीबी, तर २०२४ च्या 'फ्लाइट सिम्युलेटर' ह्या विमानाच्या खेळास किमान १६ व शिफारस ३२ जीबी अशी आहे. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी. तेव्हां ४ एमबी आणि १६ जीबी ह्यांत ४०९६ पटींचें अंतर पडलें.

हिशेब असा करावा. जे खेळ खरोखर खेळावयाचे आहेत त्यांचीं नांवें कागदावर लिहावीं. बहुतेक खेळांचे कर्ते किमान आणि शिफारस असे दोन आकडे देतात. किमान आकड्यावर खेळ कसाबसा चालतो. म्हणून शिफारशीचा आकडा धरावा, आणि यादींतील सर्वांत मोठा आकडा निवडावा. खेळतांना दुसरींही कामें उघडीं राहणार असतील, तर थोडी जागा अधिक धरावी. विंडोज ११ लाच किमान ४ जीबी सांगितली आहे. वेगळें ग्राफिक्स कार्ड नसेल, तर चित्रांसाठींही ह्याच खळ्याचा एक कोपरा द्यावा लागतो, हें विसरूं नये.

ह्या हिशेबानें आमचें मत असें झालें आहे: अभ्यास व हलके खेळ ह्यांस ८ जीबी चालेल, आजच्या बहुतेक खेळांस १६ जीबी योग्य, विमानासारखे अवजड खेळ किंवा चलच्चित्रांचें संपादन करणारांनींच ३२ घ्यावी. शाळकरी मुलास ६४ चें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं.

१६ जीबी घेतांना ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्या. दोन वाटांनीं माल खळ्यांत येतो, म्हणून काम जलद होतें. मदरबोर्डावर चार खांचा असल्यास पुढें भर घालण्यासही जागा राहते. डीडीआर ४ ची पट्टी डीडीआर ५ च्या खांचेंत बसत नाहीं. पुष्कळ लॅपटॉपांत रॅम डाकानें कायमची जोडलेली असते. तेथें निर्णय पहिल्याच दिवशीं घ्यावा लागतो. 'पुढें स्वस्त होईल' ह्या भरंवशावरही राहूं नये; २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडून मागणी वाढतांच रॅमचे भाव जगभर एकाएकी चढले.

संगणकाचा प्रत्येक मंदपणा स्मृतीमुळें येतो असेंही नाहीं. अकोल्याचा वैशाखांतील पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उष्म्यांत प्रोसेसर तापला म्हणजे आपला वेग आपणच कमी करतो; तेथें नवी पट्टी नव्हे, तर पंख्यावरील धूळ झाडणें हाच उपाय होय. टास्क मॅनेजर उघडून रॅम किती भरली आहे हें पाहिल्यावांचून पैसे खर्चूं नयेत.

आकड्याच्या मोहावर उतारा म्हणून आपल्याच वऱ्हाडांतील एक उदाहरण सांगतों. डॉ. विजय भटकर ह्यांचा जन्म १९४६ सालीं अकोला जिल्ह्यांतील मुरंबा ह्या गांवीं झाला. त्यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याचें सामर्थ्य एखाद्या अवाढव्य अंगांत नव्हतें. अनेक लहान प्रोसेसर, प्रत्येकाजवळ स्वतःची स्मृति, आणि सर्वांची चोख जुळणी, ह्यांत तें होतें. घरच्या संगणकासही हाच न्याय लागू आहे.

मुलांनीं यादी खरी लिहावी. पालकांनीं ती शांतपणें वाचावी. अपुरें यंत्र घेऊन मुलाचा अभ्यास खोळंबूं नये, आणि नुसत्या ऐटीच्या आकड्यापायीं पुढील वर्षाच्या पुस्तकांचे पैसे जाऊं नयेत.

अभ्यास: एका संगणकांत १६ जीबी रॅम असून खेळतांना ९ भरते, तरीही चैत्र-वैशाखाच्या दुपारीं खेळ अडखळतो. दुसऱ्यांत ८ जीबी असून ७.६ भरते. कोणास नवी पट्टी हवी आणि कोणास नको, तें सकारण लिहा.