तार कोणती? आधी तिचे काम पाहा!

भाद्रपदात रत्नागिरीच्या गणपतीच्या मंडपांत गाण्याचे कार्यक्रम रंगतात. हल्ली पेटी-तबल्याच्या जोडीला विद्युत-गिटारही असते. तिचा आवाज घुमविणारी, बदलणारी उपकरणे एका चौकटीत, म्हणजे रॅकमध्ये, बसविलेली असतात. त्यांना जोडणाऱ्या तारा बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांची कामे मात्र निरनिराळी असतात. ती कोणती, हे आपण पाहू.

प्रथम गिटारपासून रॅकपर्यंतची तार घेऊ. गिटारमधून येणारा विद्युतदाब व्होल्टच्या काही अंशांइतकाच असतो. मंडपातील दिव्यांच्या तारांभोवती ५० हर्ट्झने बदलणारे विद्युतक्षेत्र असते. ते या दुबळ्या संदेशात शिरले, की कर्ण्यातून ‘घूं’ असा आवाज येतो. म्हणून मधल्या तारेभोवती विसंवाहक आणि त्यावर तांब्याची जाळी असलेली तार वापरतात. जाळी ते क्षेत्र बाहेरच अडविते.

परंतु तार आणि जाळी मिळून एक धारित्र, म्हणजे कंडेन्सर, तयार होते. त्याची धारिता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. समजा, गिटारचा आंतरिक रोध ५०,००० ओहम आहे आणि तार १० मीटर आहे. सूत्र आहे f = १/(२πRC). उत्तर येते सुमारे ३,२०० हर्ट्झ. याहून उंच स्वर क्षीण होऊ लागतात. तार ३ मीटर ठेवली, तर हीच मर्यादा १०,६०० हर्ट्झपर्यंत जाते. म्हणून ही तार आखूड हवी.

रॅकपासून दूरच्या मिक्सरपर्यंत शक्य असेल तर संतुलित तार वापरावी. तिच्यात जाळीच्या आत दोन तारा असतात व संदेश त्यांतून परस्परविरुद्ध जातो. बाहेरची गडबड मात्र दोन्हींत सारखीच शिरते. मिक्सर दोहोंतील फरक घेतो. गडबड वजा होते, संदेश उरतो.

अँप्लिफायरपासून कर्ण्यापर्यंतची गोष्ट अगदी उलट. येथे दाब पुरेसा असतो, पण प्रवाह मोठा असतो. अंतर २० मीटर असेल, तर जाऊन-येऊन तार ४० मीटर होते. तिचे क्षेत्रफळ ०.५ चौरस मिलिमीटर असल्यास रोध १.३६ ओहम येतो. कर्णा ८ ओहमचा असेल, तर सुमारे १४.५ टक्के शक्ती तारेतच उष्णतेच्या रूपाने जाते! २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हे प्रमाण ३.३ टक्क्यांवर येते. येथे जाळी नको, जाड तांबे हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे. उपकरणे दोन वेगळ्या ठिकाणच्या प्लगांवर जोडली, तर जाळीतून प्रवाह वाहून घरघर येते. काही जण ती थांबविण्यासाठी प्लगची जाड, लांब पिन काढून टाकतात. असे कधीही करू नका. गिटारच्या तारा जाळीमार्फत उपकरणाच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात. पेटीत दोष निर्माण झाला, तर २३० व्होल्ट थेट वादकाच्या बोटांशी येतात. आणि भाद्रपदात पायांखालची जमीन बहुधा ओली असते. यावर उपाय सोपा आहे : सर्व उपकरणांना अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावरून वीज द्या.

शाळेच्या संमेलनात तारा निवडताना तीन प्रश्न विचारा : प्रवाह किती? स्रोताचा रोध किती? अंतर किती? आणि हे उदाहरण सोडवून पाहा : वरील जाड तार ४ ओहमच्या कर्ण्याला जोडली, तर किती टक्के शक्ती वाया जाईल?